डावा हात वस्तादांचा

मी खडू अंगठ्यानं धरत नाही. पहिलं बोट आणि मधलं बोट यांच्या बेचक्यात धरतो. अंगठा नुसता बाजूला उभा असतो. आमच्या शाळेत असं लिहिणारा मास्तर मी एकटाच, त्यामुळे माझी नक्कल करायला मुलांना फारसे कष्ट पडत नाहीत. खडू दोन बोटांत अडकवला आणि मान जरा डावीकडे कलती केली, की झाले सर तयार. मी वर्गात शिरतो तेव्हा एखाद्याच्या हातात तो खडू तसाच राहिलेला असतो. मी रागावत नाही. नक्कल चांगली असली तर हसतो.

फेब्रुवारी संपत आला की मात्र या अंगठ्याची आठवण मुलांनी करून द्यावी लागत नाही. पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायला घेतो आणि तिसऱ्या गठ्ठ्यापाशी अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू होतो. बाहेर आवारातल्या लिंबाला तांबूस पालवी फुटलेली असते, अकरा वाजताच वारा गरम झालेला असतो, आणि व्हरांड्यात मॅट्रिकची मुलं येरझारा घालत काहीतरी घोकत असतात. सोलापूरच्या माणसाला वसंत ऋतू पुस्तकात भेटतो. इथं थंडी संपते त्या दिवशी उन्हाळा लागतो आणि उन्हाळा लागला की परीक्षा आलीच. मी पेपर बाजूला सारतो, अंगठा चोळत बसतो, आणि मला माझा इंटरच्या परीक्षेचा मार्च आठवतो.

सोलापुरात तेव्हा कॉलेज नव्हतं. मी पुण्याला शिकत होतो. टर्म संपल्यावर परीक्षेला दोन महिने उरले, तेव्हा मी पुस्तकांची वळकटी बांधून घरी आलो. वसतिगृहात गोंगाट फार, घरी अभ्यास चांगला होतो, असं मी अण्णांना पत्रात लिहिलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी ते पत्र खरं मानलं. आईनं मानलं नाही. मी उंबऱ्यात पाऊल टाकताच ती म्हणाली, "तालमीचे सामने कधी आहेत रे यंदा?"

सामने होळीच्या आधीच्या रविवारी होते आणि त्यानंतर दहाच दिवसांनी परीक्षा. खेळ फरीगदग्याचा. फरी म्हणजे कातडी ढाल, आणि गदगा म्हणजे तलवारीऐवजी वापरायची, कातड्यानं मढवलेली वेताची काठी. एका हातात फरी, दुसऱ्या हातात गदगा, आणि अंगात पांढरी बंडी. गदग्याला गेरू चोळलेला असायचा, म्हणजे वार बसला की बंडीवर तांबडा पट्टा उठायचा. पाच वार आधी बसवील तो जिंकला. त्या वर्षी जिल्ह्यातून जो पहिला येईल त्याला उन्हाळ्यात बडोद्याच्या मोठ्या सामन्यांना पाठवणार होते. पुण्यात मी कॉलेजातल्या सगळ्यांना हरवलं होतं. बडोदा मला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं, हे सांगायला आता लाज कसली.

इंटरही हवी होती, पण ती वेगळ्या कारणानं. अण्णा कोर्टात कारकून होते. साक्षीदार बोलायचे आणि अण्णा लिहून घ्यायचे. त्यांनी मला एकदाच आणि शांतपणे सांगितलं होतं, "इंटर झालास तर पुढं बी. ए. कर. नाही झालास तर माझ्या शेजारच्या टेबलावर नकला करायला बसायचं. साहेबांशी बोलून ठेवलंय." ते टेबल मी पाहिलं होतं. त्या खोलीला खळीचा आणि लाखेचा वास यायचा. तिथं बसणारे एक गृहस्थ इतकी वर्षं दुसऱ्यांची भांडणं उतरवून काढत होते, की त्यांची मान त्या कागदाच्या बाजूला कायमची वळली होती. मला त्या मानेची भीती वाटायची.

आमचे वस्ताद नरसय्या. साखर पेठेत त्यांचा माग होता. सकाळी तालीम, दिवसभर विणकाम. बायकोशी तेलुगूत बोलायचे, आमच्याशी मराठीत, आणि कुणी फारच ढिसाळ पवित्रा टाकला तर दोन्ही भाषांत. त्यांना अक्षर येत नव्हतं. मी आल्याच्या तिसऱ्या दिवशी ते आमच्या कसब्यातल्या घरी आले, पायताण काढून पायरीवरच उभे राहिले आणि अण्णांना म्हणाले, "रावसाहेब, पोरगं द्या की मला दीड महिना."

"त्याची परीक्षा आहे, वस्ताद," अण्णा म्हणाले.

"व्हय, ठावं हाय मला. परीक्षेला कुठला हात लागतो?"

"उजवा."

"मग उजवा तुमचा. डावा मला द्या."

अण्णा क्वचित हसत. त्या दिवशी हसले. मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "आणि उजव्याला काही लागलं तर?"

"न्हाय लागणार. गदगा डाव्या हातात ऱ्हाईल, फरी उजव्यात. उजवा हात सबंध वेळ ढालीच्या आड. माझा शब्द हाय, रावसाहेब."

असा माझा सौदा झाला. माझं मत कुणीच विचारलं नाही. एकोणीस वर्षं उजव्या हातानं जगलेल्या माणसाला सहा आठवड्यांत डावखुरा करायचा होता. पहिला आठवडा मी इतका मार खाल्ला की माझ्या बंडीवर पांढरं कमी आणि तांबडं जास्त होतं. वस्ताद म्हणायचे, "समदं डाव्यानं कर. तांब्या डाव्यानं उचल, कडी डाव्यानं काढ." मी इमानदारीनं करू लागलो, आणि एका दुपारी नकळत डावा हात ताटात घातला. आईनं भाकरी तव्यावर टाकून माझ्या हातावर उलथनं मारलं. "परीक्षा राहू दे आणि बडोदं राहू दे," ती म्हणाली, "माझ्या घरात डाव्या हातानं जेवायचं नाही." देवळात तीर्थ घ्यायलाही मी डावा हात पुढे केला होता. पुजारी पळी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिले.

पहाटे गिरणीचा भोंगा झाला की तालीम, ऊन वर आलं की अभ्यास. अभ्यास मी माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर करायचो. पण दोन्हीला वेळ पुरेना, म्हणून मी स्वतःचं डोकं चालवलं आणि पवित्रे करता करता पाठांतर सुरू केलं. संस्कृतचा श्लोक, एक पाय पुढे. तर्कशास्त्राची व्याख्या, दोन पावलं मागे आणि गिरकी. मोठ्या आनंदात होतो मी. व्याख्या इतक्या पक्क्या बसू लागल्या की मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटायचं. खाली आईच्या पिठात माळवदाची माती पडायची आणि तिचा आवाज यायचा, "दत्तू, काय पाठ करायचं ते बसून कर!" तिचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

वस्तादांनी एकदा विचारलं, "त्ये तर्कशास्त्र म्हंजी काय रे?"

मी म्हटलं, "एक गोष्ट खरी धरली की तिच्यावरून दुसरी खरी ठरवायची."

ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. सुताचा धोटा थांबवून त्यांनी विचार केला. "आमच्यात उलटं हाय," ते म्हणाले. "एक वार खोटा दावायचा आन् दुसरा खरा मारायचा. लई सोपं हाय तुमचं."

पण त्यांच्या तालमीत एक गोष्ट मात्र कधीच खोटी चालत नसे. वार बसला की नाही हे पंच सांगत नसत. मारणाराही सांगत नसे. ज्याला लागला त्यानंच मोठ्यानं 'घेतला' म्हणायचं. बंडीवर पट्टा दिसो वा न दिसो. आजूबाजूच्या सगळ्या तालमींत हाच रिवाज होता आणि त्याचं कुणाला विशेष वाटत नसे. लहान पोरंसुद्धा रडत रडत 'घेतला' म्हणायची. पंच फक्त मोजायला बसलेले असत.

चौथ्या आठवड्यात डावा हात जागा झाला. ते कसं होतं हे मला अजून नीट सांगता येत नाही. एका सकाळी मी वार केला आणि तो झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की आपण काही ठरवलं नव्हतं. समोरच्याला डावखुऱ्याशी खेळायची सवय नसते. वार नेहमीच्या बाजूनं येत नाही म्हणून तो गोंधळतो. मी एकामागून एक गडी हरवत सुटलो. त्याच दिवसांत तर्कशास्त्राचं पुस्तकही संपलं. घामेजलेल्या अंगानं, गेरूनं माखलेल्या हातानं पुस्तकाची पानं उलटायचो. त्या पानांवर तांबडी बोटं उठली आहेत. पुस्तक अजून माझ्याकडे आहे. त्या सहा आठवड्यांइतका सुखी मी पुढे फार वेळा झालो नाही.

रविवार आला. तालमीपुढच्या पटांगणात माती भुसभुशीत करून पाणी मारलं होतं. विणकर, गिरणीतले लोक, पेठेतले दुकानदार, सगळे गोल करून बसले होते. वस्तादांनी स्वतः बोलावलं म्हणून अण्णा आयुष्यात पहिल्यांदा सामना बघायला आले होते. छत्री दोन पायांत धरून खुर्चीवर ताठ बसले होते. शेवटची लढत माझी आणि मैंदर्गीच्या मल्लूची. शेतकऱ्याचा मुलगा, उंच, माझ्याच वयाचा, घरी कानडी बोलणारा. मैदानात उतरताना तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "तुमचा उजवा हात दुखतो काय? डाव्यानं खेळताय म्हणून इचारलं. दुखत असंल तर सांगा की. मी जपून मारतो."

त्यानं ते अगदी चांगल्या मनानं विचारलं होतं. मला ते झोंबलं. कुणी मला जपून मारावं?

चार-चार झाले. आता एकच वार. मल्लूला माझा डावा कळून चुकला होता. मी काय करणार ते त्याला आधीच दिसत होतं. मी मागे हटत होतो आणि माझा उजवा हात ढालीआड नुसता शिवशिवत होता. तालमीत आम्ही गंमत म्हणून एक अदलाबदल करायचो: उडी घ्यायची आणि हवेतच गदगा एका हातातून दुसऱ्यात, फरी दुसऱ्यातून पहिल्यात. तिला श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ माणूस पुरता उघडा असतो. ती मी केली. का केली? बडोद्यासाठी केली असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मल्लूला माझा उजवा हात दाखवायचा होता.

उजव्या मुठीत गदगा आला त्याच क्षणी त्याचा वार माझ्या अंगठ्यावर बसला. आवाज असा झालाच नाही. मी तसाच पुढे झेपावलो आणि त्याच्या खांद्यावर मारला. त्याच्या बंडीवर लांबलचक तांबडा पट्टा उठला आणि लोक ओरडत उभे राहिले. मल्लूनं मोठ्यानं सांगितलं, "घेतला." आणि मग तो माझ्या हाताकडे बघत उभा राहिला. मारणाऱ्यानं बोलायचं नसतं.

माझा अंगठा गेरूनं माखलेला होता, पण गदग्याला गेरू चोळताना तो कधीचा माखलेला होता. कुणालाही काही दिसणं शक्य नव्हतं. लोक ओरडत होते. अण्णाही खुर्चीवरून उठले होते. 'घेतला' म्हटलं की बडोदं गेलं, एवढंच असतं तर एक वेळ सोपं होतं. पण तो शब्द उच्चारणं म्हणजे उजवा हात ढालीबाहेर आला आणि त्याला लागलं, हे अण्णांसमोर कबूल करणं. वस्तादांनी दिलेला शब्द सगळ्या पेठेसमोर मोडून दाखवणं. वस्ताद माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान हलवली नाही, की डोळा हलवला नाही.

"घेतला," मी म्हटलं. आरडाओरड्यात कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं, "आधी मी घेतला. अंगठ्यावर."

पंचांनी मल्लूचा हात वर केला. अण्णांनी छत्री उघडली आणि ते घरी निघून गेले. संध्याकाळपर्यंत माझा अंगठा लिंबाएवढा सुजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून वाटीत घेऊन आले. अण्णा ओसरीवरच होते. वस्ताद पायरीवर थांबले. "रावसाहेब, शब्द मोडला माझा."

"तुमचा नाही मोडला. त्यानं मोडला," अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले.

"पोरगं माझ्या हाताखालचं. मोडला त्यो माझाच."

त्यांनी लेप लावला. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. अण्णा ओसरीवर बसून सगळं बघत, पण माझ्याशी त्यांनी बोलणंच टाकलं होतं. मला टाक धरता येत नव्हता. चौथ्या दिवशी मी तो रागानं फेकला तेव्हा वस्तादांनी उचलला आणि माझ्या पहिल्या आणि मधल्या बोटात खोचला. "विणकराच्या अंगठ्याला चीर पडली तर माग बंद ठेवतो व्हय तो? तुटला धागा हितं धरतो, असा, आन् सांधतो. लिव्ह." मी लिहिलं. कोंबडीच्या पायांसारखं आलं, पण अक्षर होतं. पुण्याच्या गाडीत बसलो तेव्हा मांडीवर पाटी घेऊन मी तसंच गिरवत होतो. जेऊर स्टेशनात समोरच्या बाईनं विचारलं, "आत्ता शिकतोस होय रे लिहायला?" मी हो म्हणालो.

परीक्षेत माझा हात निम्म्या वेगानं चालला. तर्कशास्त्राच्या पेपरला तर भलतंच झालं. बाकावर बसून मला एकही व्याख्या आठवेना. मग बाकाखाली हळूच एक पाय पुढे घेतला, आणि आठवली. दुसरीसाठी दोन पावलं मागे. देखरेखीचे गृहस्थ माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पाय हलवू नका. इतरांना त्रास होतो." त्यानंतर मी जे काही लिहिलं ते आठवून हसू येतं, पण त्या दिवशी बाहेर आलो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. दोन प्रश्न कोरे राहिले होते.

निकाल वर्तमानपत्रात आला. अण्णांनी बोट ठेवून नंबरांची यादी वरून खाली वाचली आणि मग खालून वर वाचली. माझा नंबर नव्हता. त्यांनी पेपराची घडी घातली आणि ते जेवायला बसले. आई वाढत होती. शेवटी मीच म्हटलं, "उद्यापासून येतो मी कोर्टात." अण्णा नुसतं 'हं' म्हणाले.

सकाळी मी धुतलेला सदरा घातला, काळी टोपी घातली आणि अण्णांच्या मागून निघालो. ते पुढे, मी चार पावलं मागे. मला ती वाकडी मान दिसत होती, लाखेचा वास येत होता. कोर्टाकडे वळायचा कोपरा आला आणि अण्णा वळलेच नाहीत. ते सरळ चालत राहिले. मला वाटलं विसरले. पण वीस वर्षांची वाट माणूस कसा विसरेल? साखर पेठेतून मागांची खटखट ऐकू येऊ लागली. अण्णा वस्तादांच्या दारात जाऊन उभे राहिले. वस्ताद गडबडीनं मागावरून उठले आणि त्यांनी पंच्यानं एक पाट पुसून पुढे केला. अण्णा बसले नाहीत.

"वस्ताद," ते म्हणाले, "वीस वर्षं मी साक्षी लिहून घेतोय. देवाची शपथ घेऊन बोलतात माणसं. पण कुणी विचारलेलं नसताना स्वतःच्या विरुद्ध खरं बोललेला एकही माणूस माझ्या कागदावर आलेला मला आठवत नाही. मी घरी जाऊन खूप आठवून पाहिलं." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा पुन्हा बसणार आहे इंटरला. विचारायला आलोय, यंदा कुठला हात ठेवू तुमच्यासाठी?"

वस्तादांनी माझा उजवा हात हातात घेतला, अंगठा दाबून बघितला. मी कळवळलो.

"यंदा दोनी हात तुमचे, रावसाहेब," ते म्हणाले. "पाय तेवढे माझ्याकडं धाडत जा."

अण्णांनी माझ्या डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली आणि ते एकटेच कोर्टाकडे निघाले.